चाबोची पिल्लं निम्मीच निघतात? मशीन बदलण्याआधी हे क्रमानं तपासा

लक्षणं आधी सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं यातलंच आहे का ते लगेच कळेल.

चाबोची, म्हणजे जपानी बँटमची, वीस-बावीस अंडी उबवणीच्या मशीनला लावली. सातव्या दिवशी टॉर्चवर पाहिली तर पाच-सहा अंड्यांत शिरांचं जाळं नाहीच, नुसतं रक्ताचं बारीक कडं. दोन-तीन अगदी कोरी. उरलेली छान वाढली आणि १९व्या-२०व्या दिवशी पिल्लं निघालीसुद्धा. पण निघालेल्यांत काही आखूड पायांची, काही सरळ उंच पायांची. दर खेपेला हेच. मशीन बदललं, वीज गेली की लावायला बॅटरी घेतली, तरी हेच. आणि त्याच मशीनमध्ये शेजाऱ्यांची गावरान अंडी मात्र पंधरातली तेरा निघतात.

हे वाचून "हो, अगदी असंच" वाटलं असेल तर पुढचं तुमच्यासाठी आहे. पिल्लं पूर्ण भरून विसाव्या दिवशी आतच मरत असतील किंवा कवचाला टवका पाडून अडकत असतील, तर तो वेगळा दोष. त्याचंही खाली आहे, पण थोडक्यात.

मी सोलापूर जिल्ह्यात राहतो आणि नऊ वर्षं चाबो पाळतोय. पहिली दोन वर्षं मी या कड्यांपायी मशीनचा थर्मोस्टॅट तीनदा बदलला. तेव्हापासून ओळखीतल्या पंधरा-वीस घरांमध्ये हाच दोष शोधून दिला असेल. बहुतेक ठिकाणी मशीन चांगलंच होतं.

जात कशी आहे ते माहीत असणं इथं गरजेचं आहे

चाबो ही जपानची शोभेची कोंबडी. नाव चंपा राज्यावरून, म्हणजे आजच्या व्हिएतनामच्या भागावरून, आलं असं मानतात. जपानमध्ये १९४१ साली तिला नैसर्गिक वारशाचा दर्जा मिळाला. कोंबडा साधारण ७३० ग्रॅम, कोंबडी ६१० ग्रॅमच्या आसपास. शेपटी उभी, डोक्याच्याही वर जाणारी. पंखांची टोकं जमिनीला टेकतात, आणि पाय इतके आखूड की चालताना ती सरकतेय असं वाटतं. आपल्याकडे जास्त दिसते ती पांढऱ्या अंगाची, काळ्या शेपटीची.

या जातीची शोभा ज्या आखूड पायांत आहे, अंड्यातल्या मरणाचं मूळही बऱ्याचदा तिथंच असतं. पण तिथं उडी मारू नका. आधी फुकटातल्या तपासण्या करा, कारण कडं दुसऱ्या कारणांनीही पडतं.

१. मरण कोणत्या दिवशी आलं ते पाहा

खर्च काही नाही. सातव्या दिवशी काढलेली अंडी फेकू नका. अंगणात बसून एकेक अंडं वाटीत फोडा. वास येत असेल तर मात्र न फोडता पुरून टाका.

कोरं अंडं असेल तर बलकावर एक छोटा, भरीव, पांढरा ठिपका दिसेल. ते फळलंच नव्हतं. कडं असलेल्या अंड्यात बलकावर लाल दोऱ्याचा वेढा दिसतो आणि आत तांदळाच्या दाण्याएवढा गर्भ, कधी तोही विरघळलेला. हा तिसऱ्या-चौथ्या दिवशी मेला. शेजारी मुद्दाम एक चांगलं वाढणारं अंडं फोडून पाहिलंत (मी आयुष्यात एकदाच फोडलं, पुन्हा हात झाला नाही), तर सात दिवसांच्या गर्भाचा काळाभोर डोळा ठसठशीत दिसतो आणि तो हलतो. या दोघांतला फरक एकदा पाहिला की पुन्हा चूक होत नाही.

हे महत्त्वाचं का, तर टॉर्चवर कोरं आणि कड्याचं अंडं पुष्कळदा सारखंच दिसतं. लोक दोन्हींना "फळलं नाही" म्हणतात आणि बिचारा कोंबडा बदलतात. कोऱ्या अंड्यांचा दोष कोंबड्याकडे, चौथ्या दिवसाच्या कड्यांचा साठवण, तापमान किंवा पायांकडे, आणि विसाव्या दिवसाच्या मरणाचा बहुधा दमटपणाकडे. वहीत तीन रकाने करा आणि प्रत्येक अंड्याची नोंद करा. मी शिसपेन्सिलीनं अंड्यावरच तारीख आणि कोंबडीची खूण लिहितो. शाईचा पेन वापरू नये, कवचाला छिद्रं असतात.

२. अंडी लावण्याआधी कुठं ठेवता?

आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढे जातो. अंडी स्वयंपाकघरातल्या फडताळावर आठ दिवस साठली, तर मशीनला लावण्याआधीच गर्भ अर्धवट वाढायला लागतो. साधारण २१ अंशांच्या खाली वाढ थांबलेली असते, २७ च्या वर ती धड चालतही नाही आणि थांबतही नाही. असा अर्धवट सुरू झालेला गर्भ पहिल्या चार दिवसांत मरतो, आणि कडं अगदी तसंच दिसतं.

१५ ते १८ अंश मिळाले तर उत्तम, सात दिवसांपर्यंत अंडी टिकतात. फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथं ती फार गारठतात. मी उन्हाळ्यात रिकामा माठ ओल्या वाळूत बसवतो, आत कोरड्या कापडावर अंडी निमुळतं टोक खाली करून ठेवतो, आणि तीन दिवसांपेक्षा जास्त साठवत नाही. अंडं ओलं होता कामा नये. घाण लागलेलं अंडं धुऊन लावण्यापेक्षा न लावलेलं बरं.

एवढ्यावरच निम्म्या घरांतली कडी कमी होतात. पण संपत नाहीत, हे लक्षात ठेवा.

३. तापमान खरंच तेवढं आहे का?

मशीनच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. छोट्या प्लॅस्टिक पिशवीत दोन-तीन चमचे पाणी घालून तोंड बांधा, ती अंड्यांच्या शेजारी चार तास ठेवा, मग काढून लगेच त्या पाण्यात ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर बुडवा. पंख्याच्या मशीनमध्ये ३७.५ ते ३७.८ यायला हवं. हवेपेक्षा पाणी हळू तापतं, म्हणून हा आकडा अंड्याच्या आतल्या उष्णतेशी जास्त जुळतो. अर्ध्या अंशाचा फरक म्हणजे लहान गोष्ट नाही. जास्त उष्णतेनं लवकर मरण, ओल्या-रक्ताळ बेंबीची पिल्लं. कमी उष्णतेनं उशीर, मोठ्या मऊ पोटाची सुस्त पिल्लं.

बिनपंख्याच्या पेटीत चाबोची आणखी एक अडचण आहे. तिथं वरची हवा गरम, खालची गार. सेन्सर गावरान अंड्याच्या माथ्याच्या उंचीला बांधलेला असतो आणि चाबोचं अंडं त्यापेक्षा बुटकं. म्हणजे गावरानाला पुरेशी ऊब, चाबोला कमी. दोन्ही अंडी एकत्र लावत असाल तर चाबोच्या अंड्यांखाली कापडाची घडी घालून माथे सारखे करा. हे मला चौथ्या वर्षी सुचलं.

४. ट्रे आणि फिरवणं

आपोआप फिरणाऱ्या ट्रेचे खाचे मोठ्या अंड्यांचे असतात. चाबोचं अंडं त्यात नुसतं घसरतं, कलत नाही. ट्रे फिरताना दोन मिनिटं समोर बसून बघा. घसरत असेल तर कागदाची सुरळी खाचेत बसवा, नाहीतर दिवसातून तीन किंवा पाच वेळा हातानं फिरवा. फिरवलं नाही तर गर्भ पडद्याला चिकटतो.

चाबो एक-दोन दिवस लवकर निघते, म्हणून फिरवणं सतराव्या दिवशीच बंद करा.

५. दमटपणा: उशिरा मरणाऱ्यांसाठी

कड्यांचाच त्रास असेल तर हे ओलांडून पुढं जा. पिल्लं भरून मरत असतील तर सोनाराकडे असतो तसा लहान काटा घ्या, साध्या किराणा काट्यावर एवढा फरक दिसत नाही. लावतानाचं वजन आणि अठराव्या दिवसाचं वजन यांत ११ ते १३ टक्के घट हवी. २८ ग्रॅमचं अंडं साधारण साडेचोवीसवर यायला हवं. घट कमी असेल तर आत हवेची पोकळी लहान राहते आणि पिल्लू पाण्यात गुदमरल्यासारखं मरतं. जास्त असेल तर पडदा चामड्यासारखा होऊन त्याला गुंडाळतो.

चिपळूणचे एक काका आषाढात मला फोन करून म्हणाले, "मशीन तिसरं आहे हे, आता काय करू?" मी म्हटलं, पाण्याची भांडी काढून टाका. कोकणातल्या पावसात बाहेरचीच हवा इतकी ओली असते की पहिले सतरा दिवस भांड्याची गरजच नसते. आमच्याकडे मार्चमध्ये उलटं, दोन भांडी ठेवूनही ४५ टक्के गाठताना दमछाक होते. पुस्तकातला आकडा पाळण्यापेक्षा वजन पाहून पाणी घाला. शेवटचे तीन दिवस मात्र ६५ ते ७० टक्के ठेवा आणि झाकण उघडू नका.

टवका पाडल्यावर पिल्लू चोवीस तासही घेतं. तोपर्यंत कवच सोलायला जाऊ नका, आतल्या शिरांतलं रक्त आणि बलक अजून अंगात जायचं असतं.

६. खुडूक कोंबडीची साक्ष

चाबोची कोंबडी खुडूक होण्यात आणि बसण्यात फार चांगली. एकाच कळपाची, एकाच आठवड्यातली अंडी निम्मी तिच्याखाली आणि निम्मी मशीनला लावा. सहा-सात अंडी ती सहज झाकते. कोंबडीखाली कडी कमी आणि मशीनमध्ये जास्त असतील तर दोष मशीनचा, वर तिसऱ्यावर परत जा. दोन्हीकडे सारखीच कडी असतील तर मशीन निर्दोष आहे. त्यावर आता एक रुपयाही घालू नका.

७. कोरी अंडी जास्त असतील तर कोंबडा पाहा

आखूड पाय, जमिनीला टेकलेले पंख आणि दाट पिसं यांमुळे चाबोच्या कोंबड्याला नीट चढता येत नाही. तो चढतो, घसरतो, पुन्हा चढतो. कोंबडीच्या गुदद्वाराभोवतीची मऊ पिसं कात्रीनं आखूड करा, कोंबड्याचीही करा, आणि त्याची वाढलेली नखं घासा. एका कोंबड्यामागे तीन-चार कोंबड्या पुरेत. कडक उन्हाच्या लाटेनंतर दोन आठवडे अंडी कोरी येणं हे आजारपण नाही, सावली आणि गार पाणी द्या.

खाण्याकडेही बघा. नुसती ज्वारी आणि तांदळाची कणी खाणाऱ्या कळपात ब२ जीवनसत्त्व कमी पडतं, आणि गर्भ मधल्या दिवसांत मरतात. निघालेल्या पिल्लांची बोटं आत वळलेली असतात. लसूणघास, मेथीचे देठ, शिंपल्याची भुकटी आणि प्रजननाच्या कोंबड्यांचं तयार खाद्य सुरू करा. फरक दिसायला तीनेक आठवडे लागतात.

८. पाय मोजा

आता मूळ मुद्दा. इथवर सगळं तपासून झालं, आणि तरी चौथ्या दिवसाची कडी दर चारातलं एक या प्रमाणात येतातच, तर कारण तुमच्या कळपात उभं आहे.

आखूड पाय एका जनुकामुळे येतात. त्याची एक प्रत मिळाली की पाय आखूड. दोन प्रती मिळाल्या की पिल्लू जगतच नाही, बहुतेक तिसऱ्या-चौथ्या दिवशीच मरतं. म्हणजे जगात जिवंत असलेला प्रत्येक आखूड पायांचा चाबो एकच प्रत घेऊन फिरतो. लँडॉअर आणि डन या शास्त्रज्ञांनी १९३० मध्येच अशा सरपटत्या कोंबड्यांचा अभ्यास मांडला होता. अलीकडे कळलं की कोंबडीच्या सातव्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला असतो, आणि त्यात हाडांच्या वाढीला लागणारं जनुक जातं.

आता हिशेब बघा. नर आणि मादी दोघंही आखूड. २४ अंडी, सगळी फळलेली. सरासरीनं सहा मरतात, बारा आखूड निघतात, सहा लांब. म्हणजे मशीन अगदी उत्तम असलं तरी अठराच्या वर अपेक्षा धरायची नाही. चौदा-पंधरा निघाली तर तुमचं काम चांगलं आहे, स्वतःला दोष देऊ नका.

दुसरी जोडी घ्या. नर आखूड, मादी लांब पायांची, पण चाबोच्याच रक्ताची. २४ अंडी. बारा आखूड, बारा लांब. जनुकामुळे मरण शून्य.

दोन्ही ओळींत आखूड पिल्लं बाराच आहेत. हे मी पहिल्यांदा वहीवर मांडलं तेव्हा रात्रभर झोप आली नाही. आखूडला आखूड लावून एकही आखूड पिल्लू जास्त मिळत नाही. मिळतात ती फक्त सहा मेलेली अंडी. आणि इतकी वर्षं आपण सगळे लांब पायांची पिल्लं "बिघडलेली" म्हणून बाजारात पन्नास-शंभराला देऊन टाकत होतो. कळप निरोगी ठेवायला हवी होती नेमकी तीच कोंबडी.

खात्री कशी करायची? दोन कप्पे करा. एकात आखूड-आखूड, दुसऱ्यात आखूड-लांब. कोंबडा बदललात तर तीन-चार आठवडे अंडी लावू नका, आधीच्या कोंबड्याचं बीज कोंबडीत दोन-तीन आठवडे टिकतं आणि सगळा हिशेब चुकतो. मग दोन्ही कप्प्यांची अंडी एकाच मशीनमध्ये, एकाच दिवशी, वेगळ्या खुणांनी लावा. कडी पहिल्या कप्प्यातच आली तर उत्तर मिळालं. दोन्हींत आली तर परत साठवण आणि तापमान. आठ-दहा अंड्यांवर निकाल देऊ नका. दहांत एकही कडं नसू शकतं आणि दहांत पाचही असू शकतात. निदान चाळीस-पन्नास अंडी होऊ द्या. खर्च काही नाही, पण एक हंगाम जातो, म्हणून ही तपासणी शेवटी ठेवली.

लांब पायांची कोंबडी निवडताना शेपटी उभी आहे का, पंख खाली येतात का, पाठ आखूड आहे का ते बघा. पाय सोडून बाकी सगळं चाबोचं हवं. ती हे जनुक बाळगतच नाही, त्यामुळे लांबला लांब लावून आखूड कधीच मिळणार नाही, ती आशा धरू नका. आणि गावरान कोंबडी लावून काम भागवू नका. पाय आखूड येतील, पण अंग आणि शेपटी हातची जाईल.

पिल्लांचे पाय दोन आठवड्यांत कुणालाही ओळखता येतात. तेव्हाच पायात रंगीत कडी घाला, म्हणजे पुढच्या वर्षी कोण कुणाचं याचा घोळ होत नाही.

इथं थांबा आणि डॉक्टरांना बोलवा

वरचं सगळं निरोगी कळपासाठी आहे. खालचं काही दिसलं तर मशीन, पाय, वजन सगळं बाजूला ठेवा आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा.

पिल्लांना पांढरी, चिकट हगवण आणि पहिल्या आठवड्यात मरतूक. मोठ्यांचे डोळे सुजलेले, श्वासाला घरघर. अंडी एकाएकी कमी झाली, कवचं पातळ किंवा वेडीवाकडी येऊ लागली. मान वळलेली, म्हणजे मानमोडीचा संशय. यातले काही रोग आईकडून अंड्यातूनच पिल्लात उतरतात, त्यामुळे अशा कळपाची अंडी लावणं म्हणजे रोगच उबवणं. मेडिकलमधून प्रतिजैविक आणून पाण्यात कालवू नका. त्यानं लक्षणं झाकली जातात, रोग कळपात राहतो आणि पुढं तपासणीत सापडत नाही. ताजं मेलेलं पिल्लू बर्फावर ठेवून डॉक्टरांना विचारा. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याची रोगनिदानाची प्रयोगशाळा आहे, नमुना कसा पाठवायचा ते तेच सांगतील.

एक-दोन दिवसांत बऱ्याच कोंबड्या धडाधड मेल्या तर त्यांना हातही लावू नका, कापून तर मुळीच बघू नका. खुराड्यात कुणाला जाऊ देऊ नका आणि लगेच कळवा. २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला सापडला होता.

आणि मशीनला हात लावल्यावर झिणझिणी आली, तर तो कोंबड्यांचा प्रश्न नाही. प्लग काढा आणि वायरमनला बोलवा. दमट पेटी आणि उघडी वायर यांच्यात स्वतः स्क्रू-ड्रायव्हर घालू नका, अंडी गेली तरी चालतील.

तुमच्या नोंदी आखूड-आखूड आणि आखूड-लांब अशा दोन रकान्यांत मला कळवा. लावलेली अंडी, कोरी, कडी, उशिरा मेलेली, निघालेली आखूड आणि निघालेली लांब, एवढे सहा आकडे पुरेत. माझी या हंगामाची आखूड-लांबची अंडी काल सात दिवसांची झाली. सव्वीस होती, दोन कोरी, एकात कडं. ते एक कडं असलेलं अंडं माठात पाच दिवस राहिलं होतं.